धैर्याचें माहेर

धैर्य हा सद्गुण मनुष्याच्या ठायीं येतो कोठून, हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या 'लॅकिस' नामक संवादांत दोन नामांकित सेनापति सॉक्रेटिसासमोर बसून धैर्याची व्याख्या करूं पाहतात. दोघेही रणांगणाचा अनुभव घेतलेले. तरी संवाद संपतो तेव्हां त्यांच्यापैकीं एकाच्याही हातीं व्याख्या लागलेली नसते. आपल्याकडे भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायांत दैवी संपत्तीची जी गणना केली आहे, तींत अभयाला पहिलें स्थान दिलें आहे. म्हणजे सर्वांना हवासा वाटणारा आणि सर्वांनीं वाखाणलेला असा हा गुण. पण तो मिळवावयाचा कसा, असें विचारलें कीं बहुतेकांची मति कुंठित होते.

सामान्य समजूत अशी कीं, धैर्य ही ज्याची त्याची उपजत देणगी आहे. कोणी सिंहाचें काळीज घेऊन जन्माला येतो, कोणी सशाचें. शाळेंतील क्रमिक पुस्तकें याच समजुतीला खतपाणी घालतात. एकटा वीर खिंड अडवून उभा राहतो, एकटा साधु राजसत्तेपुढें मान ताठ ठेवतो, आणि बाकीचे आपण सारे टाळ्या वाजविण्यापुरते. ही समजूत आपल्याला सोयीची आहे, हाच तिचा मोठा दोष. "माझ्या वांट्याला सिंहाचें काळीज आलें नाहीं" एवढें म्हटलें कीं सुटका होते. ॲरिस्टॉटलनें ही पळवाट पूर्वींच बंद केली होती. वीणा वाजवीत गेल्यानें जसा वादक तयार होतो, तसा धैर्याचीं कृत्यें करीत गेल्यानेंच मनुष्य धीट होतो, असें त्याचें मत. परंतु तें मान्य केलें कीं पुढची अडचण उभी राहते. वीणा शिकावयास गुरूचें घर असतें. धैर्याचा सराव करावयाचा कोठें? कसोटीचा प्रसंग आयुष्यांत एखाद्या वेळीं येतो, आणि तो आला म्हणजे शिकण्यास उसंत नसते.

या प्रश्नाचें एक उत्तर फ्रान्स देशांतील एका खेड्यानें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत दिलें. तें कोणा पंडितानें लिहून ठेवलेलें नाहीं. तेथील लोकांच्या वर्तनांतून तें काढावें लागतें. म्हणून त्या खेड्याची हकीकत प्रथम थोड्या विस्तारानें सांगतों.

ल शांबों-सुर-लिन्यों हें खेडें फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागांत, सुमारें एक हजार मीटर उंचीच्या पठारावर आहे. हिवाळा लांब आणि कडक, जमीन बेताची, भोंवतीं पाईन वृक्षांचें रान. उन्हाळ्यांत हवा उत्तम, म्हणून शहरांतील अशक्त मुलें तेथें हवापालटासाठीं येत, आणि त्यांच्याकरितां गांवांत बरींच वसतिगृहें व खानावळी झाल्या होत्या. फ्रान्स हा कॅथॉलिक बहुसंख्येचा देश. पण या पठारावर पिढ्यान् पिढ्या प्रॉटेस्टंटांची दाट वस्ती आहे. चौथ्या हेन्री राजानें १५९८ मध्यें काढलेल्या नांतच्या फर्मानानें या पंथाला कांहीं हक्क मिळाले होते. चौदाव्या लुईनें १६८५ मध्यें तें फर्मान रद्द केलें. त्यानंतर सुमारें शंभर वर्षें, १७८७ पर्यंत, हे लोक रानांत, गुहांत, धान्याच्या कोठारांत चोरून उपासना करीत. पकडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्हीं मारावयास पाठवीत व स्त्रियांना तुरुंगांत टाकीत. विव्हारे प्रांतांतील मारी द्युरां नांवाची मुलगी १७३० मध्यें एग-मोर्त येथील बुरुजांत कोंडली गेली, ती ३८ वर्षांनीं, १७६८ मध्यें बाहेर आली. "मीं माझा धर्म सोडला" एवढें म्हटलें असतें तर तिची केव्हांच सुटका झाली असती. त्या बुरुजाच्या दगडावर 'प्रतिकार करा' अशा अर्थाचा एकच शब्द कोरलेला आहे. तो तिच्याच हातचा असें परंपरा मानते.

अशा वारशाच्या गांवांत १९३४ मध्यें आंद्रे त्रोक्मे हे पाळक म्हणून आले. ते अहिंसावादी होते, आणि युद्धाच्या छायेंत असलेल्या त्या देशांत तें मत कोणालाच फारसें रुचणारें नव्हतें. त्यांची पत्नी माग्दा ही मूळची इटलीची. पतीपेक्षां धर्मशास्त्राकडे तिचें लक्ष कमी, आणि दाराशीं आलेल्या माणसाकडे अधिक. १९३८ मध्यें गांवांत एक माध्यमिक शाळा निघाली, आणि एदुआर तेइस हे दुसरे पाळक तिचे प्रमुख झाले. १९४० च्या जून महिन्यांत फ्रान्स पडला. २२ जूनला तहनाम्यावर सह्या झाल्या; दुसऱ्या दिवशीं रविवार होता. त्या रविवारच्या प्रवचनांत या दोघांनीं आपल्या मंडळीला सांगितलें कीं, आपल्या सदसद्विवेकाविरुद्ध कोणी बळजबरी करूं लागला तर त्याचा प्रतिकार करणें हें आपलें कर्तव्य आहे. मात्र तो आत्मिक शस्त्रांनीं, मनांत द्वेष न धरतां करावयाचा.

प्रवचन ऐकून लोक घरीं गेले. पुढें त्या हिवाळ्यांत एके दिवशीं पाळकांच्या दारावर थाप पडली. दारांत बर्फानें भिजलेली एक जर्मन ज्यू स्त्री उभी होती. माग्दानें तिला आंत घेतलें व चुलीजवळ बसविलें. मग ती तिच्यासाठीं कागदपत्रें मागावयास ग्रामप्रमुखाकडे गेली. तेथें तिला नकार मिळाला. त्या दिवसापासून सरकारी मदतीची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं, हें तिनें ओळखलें. हळूहळू आणखी लोक आले. गुर्स, रिव्हझाल्त यांसारख्या छावण्यांत कोंडलेलीं मुलें क्वेकर पंथीयांनीं व स्विस मदतसंस्थेनें सोडवून आणावीं, आणि हवापालटासाठीं बांधलेल्या त्या वसतिगृहांतून, खानावळींतून, दूरच्या शेतावरल्या घरांतून त्यांची सोय व्हावी, असा क्रम सुरू झाला.

१९४२ च्या जुलैंत पॅरिसमध्यें दोन दिवसांत सुमारें तेरा हजार ज्यूंची धरपकड झाली. १० ऑगस्टला व्हिशी सरकारचे युवकखात्याचे मुख्य अधिकारी लामिरां गांवाला भेट द्यावयास आले, तेव्हां शाळेच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं त्यांच्या हातीं एक पत्र ठेवलें. आमच्यामध्यें ज्यू विद्यार्थी आहेत, आम्ही ज्यू आणि ज्यूतर असा भेद करीत नाहीं, आणि त्यांना पकडून नेण्याचा हुकूम निघाला तर आम्ही त्यांना लपवूं, असा त्या पत्राचा आशय होता. महिनाअखेर पोलीस मोठ्या गाड्या घेऊन आले. त्यांनीं पाळकांकडे ज्यूंची यादी मागितली. ती त्यांनीं दिली नाहीं. पोलिसांनीं सुमारें तीन आठवडे रानें आणि घरें धुंडाळलीं, आणि ते जवळजवळ रिकाम्या हातांनीं परत गेले.

पुढें १३ फेब्रुवारी १९४३ रोजीं त्रोक्मे, तेइस व सरकारी शाळेचे शिक्षक रोजे दार्सिसाक यांना अटक झाली. पोलीस अधिकारी पाळकांना न्यावयास आले असतां माग्दानें त्यांना जेवावयास बसविलें. वार्ता पसरतांच लोक एकामागून एक येऊं लागले. युद्धकाळच्या टंचाईंत जपून ठेवलेली एखादी जिन्नस प्रत्येकानें पाळकांच्या हातीं दिली. सुमारें महिनाभरानें छावणीच्या अधिकाऱ्यांनीं सुटकेसाठीं मार्शल पेतांच्या आज्ञा पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही मागितली. दोघां पाळकांनीं ती दिली नाहीं. तरी लौकरच त्यांची सुटका झाली. त्याच वर्षीं २९ जूनला जर्मन पोलिसांनीं एका विद्यार्थिगृहावर छापा घालून १८ विद्यार्थ्यांना आणि त्यांचा तरुण व्यवस्थापक दानियेल त्रोक्मे यास धरून नेलें. तो पाळकांचा नातलग. निसटून जाणें शक्य असतां तो मुलांना सोडून गेला नाहीं. १९४४ च्या एप्रिलांत पोलंडमधील मायदानेक छावणींत त्याचा अंत झाला. गांवचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांना त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें लिओं शहराजवळ जर्मनांनीं ठार केलें.

या पठारावर किती ज्यू वांचले, याविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. पांच हजार हा आंकडा पुष्कळदां सांगितला जातो; अलीकडचे संशोधक तो कमी धरतात. कमींत कमी हजारांवर माणसें तेथून सुखरूप गेलीं, एवढें मानण्यास हरकत नाहीं. १९९० मध्यें जेरूसलेम येथील याद वाशेम या संस्थेनें ल शांबों व शेजारच्या गांवांतील रहिवाशांचा एकत्रित सन्मान केला. एरव्हीं ती संस्था हा सन्मान व्यक्तींना देते. हें काम केवळ एका चर्चचें होतें असेंही नाहीं. शेजारच्या गांवांतले पाळक, लहानलहान इतर पंथ, कॅथॉलिक आणि कोणताच धर्म न मानणारे शिक्षक यांचा त्यांत वांटा होता.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. एवढ्या शेतकऱ्यांत, खानावळवाल्यांत, शाळेंतल्या पोरांत धैर्य आलें कोठून? पठाराच्या हवेंत सिंहाचीं काळजें पिकत होतीं, असें तर कोणी म्हणणार नाहीं. एका थोर पाळकानें तें निर्माण केलें, असें म्हणावें तर १९४३ च्या उन्हाळ्यापासून त्या पाळकांना स्वतःच लपून राहावें लागलें होतें, आणि तेइस हे निर्वासितांना स्वित्झर्लंडच्या सरहद्दीकडे पोंचविण्याच्या कामांत गुंतले होते. पुढारी नसतांही काम चालूच राहिलें. धैर्य एकट्या पुढाऱ्याच्या ठायीं असतें तर तें त्याच्याबरोबर निघून गेलें असतें. आपल्याकडे म्हण आहे, 'गांव करी तें राव न करी.' तिचा अर्थ संख्याबळाचा नाहीं. एकट्याला, तो कितीही समर्थ असो, जें साधत नाहीं तें अनेकांच्या नित्याच्या संबंधांतून साधतें, हा आहे.

मराठी ख्रिस्ती लोक 'चर्च' या अर्थीं 'मंडळी' हा शब्द वापरतात, आणि तो मला फार समर्पक वाटतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही जमलेली सभा असाच आहे. ल शांबोंच्या दगडी मंदिराच्या दारावर परस्परांवर प्रीति करण्याची ख्रिस्ताची आज्ञा कोरलेली आहे. परंतु दगडावरची आज्ञा माणसांत उतरली ती तेथील मंडळीच्या नित्यक्रमानें. दर रविवारीं एकत्र येऊन स्तोत्रें गाणें हा त्यांतला एक भाग झाला. त्रोक्मे यांनीं गांवच्या निरनिराळ्या वस्त्यांत बायबलाच्या अभ्यासाचीं लहान मंडळें काढलीं होतीं, आणि प्रत्येक मंडळ चालविण्यास एकेक जबाबदार तरुण नेमला होता. हे तरुण पाळकांशीं चर्चा करीत आणि ती घेऊन आपापल्या वस्तींत जात. शांततेच्या काळांत हा एक साधा धार्मिक उपक्रम होता. संकट आलें तेव्हां त्याच वाटांनीं निरोप फिरूं लागले: कोणाकडे दोन माणसांची जागा आहे, कोणाकडे दूध मिळेल, पोलीस कोणत्या रस्त्यानें येत आहेत. जो सराव कोठें करावा म्हणून आपण विचारीत होतों, तो येथें अनेक वर्षें चालला होता. धैर्याचा पाठ म्हणून तो कोणी देत नव्हतें. दुसऱ्याच्या घरीं जाणें, त्याचें ऐकणें, आपलें दार उघडणें आणि "या वचनाप्रमाणें आज आपण काय करावें?" असें एकमेकांना विचारणें, एवढाच तो सराव होता.

दुसरें असें कीं, मंडळींत भीति वांटली जाते. एका शेतकऱ्यावर सगळ्या निर्वासितांचा भार पडता तर तो गांगरून गेला असता. त्याच्या वांट्याला एक मूल आणि एक खाट येई. शिक्षकाच्या वांट्याला वर्गांतील एक जागा. आणखी कोणाच्या वांट्याला एखादी खोटी शिधापत्रिका. शेजारी काय करतो, हें कोणी विचारीत नसे. पण शेजारीही कांहीं करतो आहे, हें प्रत्येकाला ठाऊक असे. मनुष्य भितो तो पुष्कळ अंशीं एकटा असल्यामुळें. आपण पडलों तर आपल्या मुलांकडे पाहणारें कोणी आहे, ही खात्री असली म्हणजे साधारण काळजाचा माणूसही बराच काळ टिकाव धरतो.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो टाळतां येत नाहीं. समुदाय जसा धैर्य देतो, तसा तो क्रौर्यालाही बळ देतो. जमावांत शिरलेला मनुष्य एकटा कधींही करणार नाहीं असें दुष्कृत्य हंसत करतो. त्याच काळीं जर्मनींतही प्रॉटेस्टंट मंडळ्या होत्या, तेथेंही दर रविवारीं स्तोत्रें गाइलीं जात. तरी १९३३ च्या जुलैंतील चर्चच्या निवडणुकींत नाझी सत्तेचा पुरस्कार करणारा पक्ष मोठ्या बहुमतानें निवडून आला. त्याला विरोध करणारांची घोषणा १९३४ च्या मे महिन्यांत बार्मेन येथें झाली खरी, पण ते अल्पसंख्य होते. मग फरक कोठें राहिला?

माझ्या मतें तो तीन गोष्टींत आहे. पहिली, स्मृति. पठारावरच्या लोकांनीं आपल्या पूर्वजांच्या छळाच्या कथा मांडीवर बसून ऐकल्या होत्या. छळाची स्मृति दोन प्रकारें वापरतां येते: सूड उगविण्यासाठीं, किंवा आज जो छळला जात आहे त्याला ओळखण्यासाठीं. त्यांनीं तिचा दुसरा उपयोग केला. दुसरी, आकार. लहान मंडळींत प्रत्येकाचा चेहरा प्रत्येकाला ठाऊक असतो, म्हणून तेथें जमावाच्या आड लपतां येत नाहीं. जमावांत मनुष्याचें नांव पुसलें जातें. मंडळींत त्याला नांवानें हांक मारली जाते. परंतु लहान गटही आपल्यापुरतें पाहणारे व परक्याला हुसकून लावणारे असूं शकतात. म्हणून तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे श्रद्धा, आणि तीही विशिष्ट प्रकारची. जर्मनींतील त्या पक्षानें राष्ट्राला देवाच्या आसनावर बसविलें, आणि मग राष्ट्राचा न्याय करण्यास कोणी उरलें नाहीं. ल शांबोंच्या मंडळीनें स्वतःला देखील त्या आसनावर बसविलें नाहीं. मंडळीच्या वर असें कांहीं आहे, ज्याच्यापुढें आपल्या सर्वांना जाब द्यावयाचा आहे, ही जाणीव तेथें जागी होती. समुदाय ज्याची पूजा करतो तेंच तो आपल्या माणसांत वाढवितो. तो स्वतःचीच पूजा करूं लागला कीं धैर्याचा उन्माद होतो.

या श्रद्धेविषयीं एक गैरसमज दूर करावयास हवा. श्रद्धावंताला देव राखतो, म्हणून तो भीत नाहीं, असें पुष्कळांना वाटतें. तसें असतें तर श्रद्धा हा एक प्रकारचा विमा झाला असता, आणि दानियेल त्रोक्मे व डॉक्टर ल फोरेस्तिए यांच्या मरणानें तो बुडीत ठरला असता. त्या लोकांची श्रद्धा सुरक्षिततेचें आश्वासन देणारी नव्हती. परिणाम कांहींही होवो, दारांत आलेल्या माणसाला आंत घ्यावयाचें आहे, एवढेंच ती सांगे. परिणामाचा हिशेब करीत बसण्यांत भीतीला जी सवड सांपडते, ती तिनें काढून घेतली होती. या गोष्टी ईश्वरावर श्रद्धा नसलेल्यालाही साधतात, हें मी नाकारीत नाहीं. आल्बेर कामू हा लेखक १९४२-४३ मध्यें क्षयावरील हवापालटासाठीं याच गांवाजवळ राहत होता आणि १९४७ मध्यें प्रसिद्ध झालेली 'प्लेग' ही कादंबरी तेथें लिहीत होता. तिच्यांतला डॉक्टर ईश्वर मानीत नाहीं, तरी रोग्यांना सोडून जात नाहीं. परंतु तोही मदतीला आलेल्या चार माणसांच्या पथकांत काम करतो, आणि स्वतःच्या जिवापेक्षां मोठें असें कांहीं मानतो, हें विसरतां कामा नये.

आणखी एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. या कामासाठीं खोटीं नांवें, खोटे दाखले, खोट्या शिधापत्रिका लागत. सत्य बोलण्याचा उपदेश करणाऱ्या पाळकांना हें सोपें गेलें नाहीं. त्यांनीं असत्याला सत्य म्हणून गौरविलें नाहीं. जीव वांचविण्यासाठीं तें पत्करलें आणि त्याचें ओझें मनांत वागविलें. ज्या समाजांत असें ओझें एकमेकांपाशीं बोलून दाखवितां येतें, तेथें मनुष्य कठीण निर्णय घेऊनही कोडगा होत नाहीं. धैर्याबरोबर मन मऊ राहणें, हा मंडळींत राहण्याचा एक मोठा लाभ आहे.

फिलिप हॅली या अमेरिकन तत्त्वज्ञानें पुढें या गांवाचा अभ्यास केला आणि १९७९ मध्यें त्यावर ग्रंथ लिहिला. तुम्हीं मोठें कार्य केलें, असें कोणी म्हटलें तर गांवकरी संकोचून जात. दारांत आलेल्या माणसाला परत कसें पाठवावयाचें, असा उलट प्रश्न करीत. यांत खोटा विनय नव्हता. इतक्या वर्षांच्या संवयीनें त्यांना तें खरोखरच साधें वाटत होतें, आणि ॲरिस्टॉटलला सद्गुणाविषयीं जें म्हणावयाचें होतें त्याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

वाचकांपैकीं बहुतेकांवर असा प्रसंग कधीं येणार नाहीं, आणि न येवो. पण अन्याय झालेला शेजारी, जातीबाहेर लग्न केलें म्हणून घराबाहेर काढलेली मुलगी, खऱ्याची साक्ष देण्याची वेळ, अशा लहान कसोट्या प्रत्येकाच्या दाराशीं येतात. त्या वेळीं आपण आपल्या काळजाची परीक्षा करूं लागतों, आणि तें लहान ठरलें कीं स्वस्थ बसतों. त्याऐवजीं आपण कोणत्या मंडळींत आहों, हें आधींच पाहून ठेवावें. आपलें भजनी मंडळ, आपली वाचकसभा, आपल्या इमारतींतील रहिवाशांची संस्था यांत माणसें एकमेकांना नांवानें ओळखतात काय? तेथें कठीण प्रश्न विचारतां येतो काय? स्वतःच्या मानापलीकडचें असें कांहीं ती मानते काय? तिचें दार बाहेरच्या माणसाला उघडतें काय? उत्तर 'नाहीं' असें येत असेल, तर तीं दारें उघडण्याचें काम आजच्या शांततेच्या दिवसांतच सुरू करावें लागेल. १९३४ पासून १९४० पर्यंतचीं वर्षें ल शांबोंच्या लोकांनीं याच कामांत घालविलीं होतीं; म्हणून हिवाळ्यांत दारावर थाप पडली तेव्हां तें दार उघडण्यास त्यांना वेळ लागला नाहीं.